करंजाच्या खाडीतले तीन तास

बोरघाटात जाग आली तेव्हा खिडकीबाहेर काहीच नव्हतं. दरी नव्हती, डोंगर नव्हते, रस्त्याची कडसुद्धा नव्हती. आदल्या संध्याकाळी बार्शीहून निघालेली एसटी धुक्यातून चाचपडत घाट उतरत होती. शेजारची बाई पेंगत म्हणाली, "आलं का पनवेल?" मी म्हटलं, "कुठंच काही आलेलं नाही अजून."

प्रजासत्ताक दिनाला जोडून शनिवार-रविवार आला होता, म्हणून शाळेतून निघता आलं. खरं तर निघू की नको, असं आठवडाभर चाललं होतं. नलूचं पत्र सहा वर्षांनी आलं होतं. "चार दिवस ये. पनवेल दाखवते, समुद्र दाखवते," एवढंच.

नलू आमच्या कॉलेजात होती तेव्हा वसतिगृहात राहायची आणि रविवारी आमच्याकडे जेवायची. माझ्या आईला ती काकू म्हणायची. तिचं लग्नही आईनेच जमवलं, आमच्याच गल्लीतल्या मुलाशी. तो नोकरीला पुण्यात होता. पुढे आई गेली तेव्हा मी नलूला तार केली. ती आली नाही. चार ओळींचं कार्ड तेवढं आलं. तिने नवरा सोडला, पनवेलच्या कुठल्याशा कचेरीत नोकरी धरली, हेही मला गल्लीतून कळलं. मी पत्र लिहिणं बंद केलं. तिनेही केलं.

पनवेलच्या स्टँडवर ती उभी होती. केस पांढरे व्हायला लागले होते. "बारीक झालीस," ती म्हणाली. "तूही," मी म्हटलं. टांगेवाल्या चाचांनी माझी पिशवी पुढे ठेवून घेतली. "बाईंकडे पहिल्यांदाच पाहुणे आले. आवो, तशरीफ रखो," ते म्हणाले, आणि घोडा बाजारातून दुडक्या चालीने निघाला. दुकानांच्या फळ्या नुकत्याच निघत होत्या. भाजक्या पोह्यांचा वास गल्ली संपली तरी सोबत येत राहिला.

नलूची खोली वडाळे तळ्यापासून हाकेच्या अंतरावर होती. तो दिवस आम्ही गावातच घालवला. एक तळं संपलं की थोड्या वेळाने दुसरं लागायचं. आमच्याकडे जानेवारीत विहिरीचा तळ शोधावा लागतो, आणि इथे भरवस्तीत इतकं पाणी निवांत पडलेलं. संध्याकाळी पायऱ्यांवर बसलो. देवळातली घंटा आणि मशिदीतली बांग पाण्यावरून एकापाठोपाठ आली. कमळाच्या पानांवर एक पाणकोंबडी चालत होती, जणू तिला वजनच नव्हतं. बोलण्यासारखं खूप होतं. आम्ही पाणकोंबडीबद्दल बोललो.

शनिवारी कर्नाळ्याला गेलो. झाडीतून चढताना पक्षी ऐकू येत होते, दिसत मात्र नव्हते. वर किल्ल्याचा सुळका अंगठ्यासारखा उभा, त्याच्या कपारींत आग्यामाश्यांची पोळी लटकलेली. एक म्हातारे गृहस्थ खाली उतरत होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "अत्तर लावलं असेल तर इथूनच मागे फिरा." आम्ही दोघींनी एकमेकींचा वास घेतला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा मनापासून हसलो. माथ्यावरून खाडी दिसली. ऊन, वाफ आणि पाणी यांत फरकच कळेना. "तो समुद्र?" मी विचारलं. "त्याची सुरुवात," नलू म्हणाली.

परतताना तिच्या कचेरीतल्या एका मैत्रिणीने करंजाडे गावात शेतावर बोलावलं होतं. भात कापून झालं होतं, वाल फुलून शेंगांवर आला होता. मैत्रिणीच्या वडिलांनी मडक्यात भांबुर्ड्याचा पाला (उग्र वासाचा एक रानपाला) अंथरला, वालाच्या शेंगा, अंडी, मीठ, ओवा घातला, मडकं जमिनीवर उलटं ठेवून भोवती पेंढा पेटवला. याला पोपटी म्हणतात. "पाणी नाही घालत?" मी विचारलं. "पानी नाय घालायचा, बाय," ते म्हणाले. "पाल्याच्या वाफंवर शिजतं. फक्त उघडायची घाय नाय करायची." सूर्य मावळता मावळता मडकं उघडलं. तशा शेंगा मी पुन्हा कधी खाल्ल्या नाहीत.

रविवारी सकाळी करंजाला निघालो. उरणच्या वाटेवर दोन्ही बाजूंना मिठागरं होती, चौकोनी आरशांसारखी. करंजा बंदरात मासळीचा लिलाव चालला होता. बांबूंवर बोंबील वाळत होते, आणि त्या वासाने मी पदर नाकाला लावला तशी एक कोळीण म्हणाली, "बाय, दोन दिस राहा, मंग हाच वास गोड लागंल."

नलूने ठरवलं होतं, की लाँचने खाडी ओलांडून रेवसला जायचं आणि परत यायचं. दहा-बारा माणसं होती. निम्म्या वाटेवर पुन्हा धुकं उतरलं. आधी समोरचा किनारा गेला, मग मागचा. सुकाणूवरच्या तांडेलाने वेग कमी केला. बरंच अंतर चाचपडत काटल्यावर बोटीखाली मऊसा धक्का बसला, इंजिन घरघरलं आणि बंद पडलं.

"सुकती (ओहोटी) लागली," तांडेल म्हणाला. "गालात (गाळात) बसलो. आता पानी भरल्याबिगर होडी हालाची नाय."

"किती वेळ?"

"तीन तास तरी."

मी फळीला घट्ट धरलं. मला पोहता येत नव्हतं. समोर बसलेली एक आगरी म्हातारी, टोपलीत वाल घेऊन लेकीकडे निघालेली, माझ्या हाताकडे बघून हसली. "भिऊ नको गो. पानी गेलाय तसा येल. बुडाला पानीच नाय, तर बुडनार कशात?"

सगळे हसले. धुक्यापलीकडून, कुठून ते कळेना, कुत्र्याचं भुंकणं यायचं, मध्येच कुणाची तरी हाक. आपण कुठल्याच गावाचे नाही, असं वाटत होतं. बराच वेळ गेल्यावर म्हातारीने विचारलं, "तुमी दोगी भयनी का?"

"मैत्रिणी," नलू म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अजून आहोत का, ते हिला विचारा."

म्हातारी टोपलीतल्या वालाच्या शेंगा सोलू लागली.

"मी आले होते, कुसुम," नलू म्हणाली.

"कधी?"

"दहाव्या दिवशी. बार्शीत उतरले. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले. आमचे थोरले दीर ओट्यावर बसले होते. त्याच आठवड्यात मी घर सोडलं होतं, अंगावर वळ होते. त्यांनी तमाशा केला असता. आणि काकूंनी जमवलेलं लग्न ते. त्यांच्या दहाव्याला, त्यांच्याच दारात? मी तशीच मागे फिरले."

मला आधी राग आला. म्हटलं, "हाक मारायची होतीस."

"हाक मारली असती तर रडले असते. त्या दिवशी रडायचा हक्क तुझा होता."

एक गोष्ट मी तिला सहा वर्षं सांगितली नव्हती. आधी सांगायची संधी नव्हती, नंतर राग होता. या तीन दिवसांतही ती ओठांवर येऊन परत गेली होती. जायच्या दोन दिवस आधी आई म्हणाली होती, "दिवाळीला नलूचे हात बघितलेस? त्या घरात तिला मी घातली. ती आली तर काही विचारू नकोस. आधी जेवायला वाढ." मला तेव्हा अर्थ लागला नव्हता. नंतर लागला, पण तोवर ती आलीच नाही, हाच राग मोठा झाला होता.

मी तिला सांगितलं. सगळं, आईच्याच शब्दांत.

नलूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी फळी सोडली आणि तिला जवळ घेतलं. समोरच्या म्हातारीने सोललेले दाणे ओंजळीने आमच्या मध्ये ठेवले. "खा गो," एवढंच म्हणाली. कच्चे, थोडे कडवट दाणे आम्ही एकेक करून खाल्ले.

पाणी कधी भरलं ते कळलंच नाही. बोट एका बाजूने किंचित उचलली, मग दुसऱ्या. तांडेलाने बांबू रोवून ढकललं आणि खालचा गाळ सुटला. धुकं विरळ झालं तेव्हा रेवसचा धक्का अगदी समोर होता. इतक्या जवळ आम्ही अडकलो होतो.

सोमवारी शाळा होती, तरी मी रजेची तार ठोकली आणि एक दिवस जास्त राहिले. त्या दिवशी काही बघितलं नाही. खोलीत बसून बोललो. मंगळवारी सकाळी तिने मला बसमध्ये बसवलं. मी म्हटलं, "आईच्या श्राद्धाला ये. दिवसाउजेडी, गल्लीतून." ती म्हणाली, "बघते." मी म्हटलं, "बघू नकोस. मी स्टँडवर न्यायला येते." बस हलली तेव्हा तिने मान हलवली.

बार्शीला उतरले तेव्हा ऊन कलतं होतं. गल्लीच्या तोंडाशी मी पिशवी खाली ठेवली आणि जरा उभी राहिले. तिथून आमचं दार फार तर वीस पावलांवर आहे. दहाव्या दिवशी मी त्याच दारात बसले होते, रस्त्याकडे बघत. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकात मी तिलाच शोधत होते. एकदा नुसती गल्लीच्या या तोंडाकडे मान वळवली असती, तर ती मला दिसली असती.

पिशवी उचलून मी घरी गेले आणि दोघींपुरते तांदूळ निवडायला कधी लागतील, ते कॅलेंडरवर आईच्या श्राद्धाच्या तिथीवरून बघितलं.