शिकवणीत शिरायलाही परीक्षा!

मंडळी, आज डोकं लई तापलंय, म्हणून लिहायला बसलो.

माझी नात चौथीत आहे. तिला पुढच्या वर्षी खासगी शाळेत घालायचंय, आणि तिथं प्रवेश परीक्षा असते. तिच्या तयारीसाठी आज आमच्या तेर गावाहून एसटीनं तिला धाराशिवच्या एका शिकवणीत नेलं. तिथल्या सरांनी आधी तिचीच परीक्षा घेतली. अपूर्णांकात ती अडली.

सर तिच्यासमोरच म्हणाले, "आजोबा, कच्ची पोरं आम्ही घेत न्हाय. आमचा निकाल बिघडतो."

"अहो, पक्की असती तर तुमच्याकडं कशाला आणली असती?"

"व्हय, पण बाहेर गर्दी बघा की!" असं म्हणून त्यांनी पुढच्या पोराला हाक मारली.

आमच्या लहानपणी कविता न येणाऱ्याला गुरुजी जवळ बसवायचे. त्याचा सूर लागेपर्यंत स्वतः चालीवर म्हणायचे आणि सगळा वर्ग थांबायचा. अजून त्या ओळी ओठांवर आहेत.

परतताना नातीनं विचारलं, "आबा, मी कच्ची म्हंजे कशी?"



न येणाऱ्या लेकराला शिकवणारं कुणी आपल्या जिल्ह्यात उरलंय का? असेल तर सांगा, उद्याच तिला घेऊन येतो.