पान उलटणारी मावशी

माझी मावशी कपडे शिवते. पण दर उन्हाळ्यात आठ दिवस दुकानाला कुलूप लावून ती शाळेच्या सभागृहात पळते. तिथं लहान मुलांचा संगीत महोत्सव भरतो. पियानो वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून समोरच्या सुरांच्या वहीचं पान उलटायला शेजारी कुणीतरी लागतं. अकरा वर्षं ते काम मावशीचं. आता गंमत ऐका, तिला त्या वहीतलं ओ की ठो कळत नाही! वाजवणारा मान हलवतो, ती उठून पान उलटते. हात मध्ये येऊ नये म्हणून तिनं स्वतःच्या बाह्यासुद्धा आखूड करून घेतल्यात.

यंदा शेवटच्या दिवशी चौदा वर्षांची एक मुलगी वाजवायला बसली. आणि काय वाजवलं हो! मी तर खुर्चीच्या टोकावर आलो. आधीच्या सात दिवसांच्या तालमीत ती ज्या जागी मान हलवायची, ती जागा आली. पण मुलगी इतकी रंगलेली, की मान हलेचना. तेवढ्यात मावशी उठली आणि तिनं पान उलटलं. अगदी वेळेवर!

टाळ्या थांबेनात. मुलगी धावतच मावशीकडे आली.

“मी मान हलवलीच नव्हती! तुम्हाला कसं कळलं?”

“काय की बाई, हात आपोआप उठला.” मावशीनं वही मिटली. मग एकदम डाफरली, “आणि हे बघ, पुढच्या वर्षीही मान हलवू नकोस. त्यानं माझं ऐकण्यातलं लक्ष उडतं.”