माझ्या ताटांवरची काच

माझ्या कपात ब्रश उभे केले होते. मळके, केस झडलेले चार-पाच ब्रश. कप खिडकीत ठेवलेला. आदल्या आठवड्यापर्यंत आमचे सर, म्हणजे सिरॅमिक विभागाचे प्रमुख, त्याच कपातून चहा पीत होते.

नांदेडच्या आमच्या कला महाविद्यालयात एक पद्धत आहे. चाकावर हात बसला की प्रत्येकानं आपला एक कप करायचा आणि विभागाच्या भिंतीवर खुंटीला टांगायचा. चहा आला की हाताला लागेल तो कप घ्यायचा. कुणाचा कप कुणाच्याही ओठाला. नव्या पोरांना सर हे छाती फुगवून सांगायचे. माती जात विचारत नाही, हेही सांगायचे. सरांना माझा कप आवडला होता. कड ओठाला बरोबर बसते म्हणायचे. पहिल्या वर्षाची पोरगी मी. फुलून गेले होते.

मग चौदा एप्रिलची जयंती आली. मिरवणुकीत नाचले, दुसऱ्या दिवशी तशीच वर्गात गेले. कानामागं निळा गुलाल राहिला होता. सरांनी तो बघितला.

"अच्छा," म्हणाले. "तुझ्याकडे बघून वाटत नाही हं."

हे कौतुक होतं. त्यांच्या मते. दोन दिवसांनी कपात ब्रश. मी विचारलं तर म्हणाले, "अगं, उंची ब्रशला अगदी परफेक्ट आहे. मनाला लावून घेऊ नकोस." मातीनं जात विचारली नव्हतीच. सरांनी विचारली होती. मी विभागात चहा घेणं बंद केलं. पित्त होतं म्हणून सांगायचे.

घरच्यांना मी डॉक्टर व्हायला हवं होतं. काकानं लातूरला ट्यूशनला टाकलं होतं. तिथून मी मातीत आले. भांडणं झाली, अबोला झाला. त्यामुळं परत फिरायची सोय नव्हती. शेवटच्या वर्षी मी ताटं करायची ठरवली. आमच्या घरी स्टीलची ताटं, कुणाच्या तरी लग्नातली, काठावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. मला मातीचं ताट करायचं होतं, पण आमच्या जेवणाचं. मधे भाकर चुरायला ऐसपैस जागा. कालवण बाहेर पळू नये एवढा काठ. चटणीला एका बाजूला खळगा. ताट करणं सोपं वाटतं. नांदेडच्या उन्हात कड आधी वाळते, मधला भाग ओला राहतो, आणि ताट पापडासारखं वाकतं. मी ओलं गोणपाट गुंडाळून एकेक ताट जपलं. भट्टी अर्धी तापली की लाइट जायची. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी सहा ताटं सरळ निघाली, पांढरी, काठाला जरा राखाडी झाक.

सरांनी ती बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"चांगली आहेत. पण यात तू कुठे आहेस? तुझं दुःख कुठे आहे?"

बाकीच्यांना हे कधी विचारलं नाही. धर्माबादच्या व्यापाऱ्याच्या पोरानं बदकाच्या आकाराच्या किटल्या केल्या. त्याला कुणी विचारलं नाही की बाबा रे, तुझं दुःख कुठंय. पूर्वी गावात मेलेलं ढोर ओढायला आम्हालाच हाक यायची. आता शिकलेले लोक दुःख ओढून आणायला हाक मारतात. आणि आणलं नाही तर रुसतात.

वार्षिक प्रदर्शनाची आमच्याकडं एक रीत आहे. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना नाश्ता शेवटच्या वर्षाच्या मुलांनी केलेल्या भांड्यांतच द्यायचा. पाहुण्यांच्या हातात तुमचं भांडं गेलं की तुम्ही पास, असं आम्ही म्हणायचो. यंदा पुण्याहून एक मॅडम येणार होत्या. त्यांची गॅलरी, मोठा स्टुडिओ, गॅसची भट्टी. आमच्यातल्या एकाला त्या वर्षभर काम करायला नेणार होत्या. ते मला हवं होतं. इतकं हवं होतं की माझी ताटं त्यांच्या हातात जावीत एवढ्यासाठी मी महिनाभर सरांच्या पुढं पुढं केलं.

उद्घाटनाच्या सकाळी गेले तर स्वयंपाकघरात सगळ्यांची भांडी मांडलेली. माझी नाहीत. माझी ताटं हॉलच्या मधोमध, चटईवर ओळीनं, वर काचेची पेटी. शेजारी पाटी. 'भूक. एका वंचित विद्यार्थिनीचा हुंकार.' नाव सरांनी दिलेलं. मला न विचारता. खाली लिहिलेलं, 'कृपया हात लावू नये.' अख्ख्या पाटीत तेवढी एकच ओळ सरांनी मनापासून लिहिली असावी.

"तुला मध्यभाग दिलाय," सर म्हणाले. "बाकीच्यांची नुसती भांडी आहेत. तुझं आर्ट आहे."

मी थँक्यू म्हणाले. पुणं डोळ्यापुढं होतं.

अकराला माय आली, नायगावच्या गाडीनं. कापडी पिशवीत भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगाची चटणी. पोरगी सकाळपासून उपाशी असणार हे तिला ठाऊक. पेटीपुढं उभी राहिली.

"हीच का गं तुझी ताटं? मंग पेटीत कामून घातलीत?"

"बघायला ठिवलीत, माय."

"बघायला? मंग ह्यात जेवतंय कोन?"

"कुनीच न्हाई."

पलीकडं पाहुणे पोहे खात होते. वर्गातल्या एका पोराची ताटली टेबलावर ठेवली की डुगडुगायची. मॅडमच्या हातात नेमकी तीच. चार वर्षांत मी काय मिळवलं होतं? खिडकीतनं उठून हॉलच्या मधोमध आले होते. एवढंच. ओठाला लावायची बंदी तीच, फक्त आता तिच्यावर काच होती आणि वर टाळ्या. माझं डोकं फिरलं.

मी काचेची पेटी उचलून भिंतीला लावली. चटईवर बसले. दोन ताटं ओढली, भाकरी वाढल्या.

"बस माय. जेवू."

माय आधी दचकली, मग बसली. भाकर चुरली. खळग्यात चटणी बरोबर बसली. कालवण असतं तर तेही बसलं असतं.

तेवढ्यात टाळ्या. मॅडम धावत आल्या, मागं सगळे, हातात मोबाइल.

"ब्रिलियंट! सर, हा परफॉर्मन्स पत्रिकेत नव्हता!"

मायनं पदर डोक्यावर ओढला. घास तोंडातच.

"काय झालं गं? लोकं कामून बघून राहिले?"

"काय न्हाई. तू जेव." मग मॅडमना म्हणाले, "हा परफॉर्मन्स नाही. आम्ही जेवतोय."

"एक्झॅक्टली!" मॅडम म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. खरंखुरं. "मला ही ताटं पुण्याला हवीत. धुऊ नका. अशीच, उष्टी. आणि तू पण ये. वर्षभर."

सर मॅडमच्या मागं उभे. खूश. जणू भाकरी त्यांनीच थापल्या होत्या.

जे मागत होते ते समोर आलं होतं. हो म्हटलं की झालं. मी एक रिकामं ताट मॅडमच्या पुढं केलं. त्यावर भाकर ठेवली, भरीत वाढलं.

"बसा ना मॅडम. आमच्यासोबत दोन घास खा."

मॅडम हसल्या. मग हसू तसंच धरून ठेवलं.

"अगं, आत्ताच पोहे झाले. आणि भाकरी मला पचत नाही."

"सर, तुम्ही?"

सरांना फोन आला. वाजला मात्र नाही. फोन कानाला लावून ते खिडकीकडं गेले.

आमचं जेवण झालं. मी ताटं उचलली आणि आवारातल्या नळाखाली घासून धुतली. मॅडम "नको, नको" म्हणत दारापर्यंत आल्या. सर नळापर्यंत आले.

"वेडी आहेस का? एका भाकरीसाठी करिअर घालवतेस?"

मी म्हणाले, "सर, ज्यांना माझ्या ताटात जेवायचं नाही, त्यांनी माझं ताट मांडायचंही नाही."

पुण्याला बदकाच्या किटल्या गेल्या. शोभतात तिथं.

माझे मार्क अजून सरांच्या हातात आहेत. सर्वांसमोर माफी माग, मग बघू, असा निरोप आलाय. माय म्हणाली, "तुला काय करायचं ते कर, पन मान खाली घालून घरी येऊ नको." माफी मागणार नाही. नापास केलं तर पुन्हा नाव घालीन. त्याच विभागात बसेन, तीच माती मळीन, जेवायचीच ताटं करीन. दुःख मागायला लोक आले तर ताट पुढं करीन, आणि जेवायला बसत नाहीत तोवर शब्द बोलणार नाही. काच ठेवायला कोण येतं ते मला बघायचंय.