आधी झोपून पाहा

"आधी झोपून पाहा, मंग बोला. अन् डोळे मिटून."

हे वाक्य गादीच्या दुकानात कुणी म्हटलं असतं तर नवल नव्हतं. आमचे मिस्त्री ते आपल्या गॅरेजातल्या कोब्याबद्दल म्हणत. नागपूरहून आलेला, कडक इस्त्रीच्या शर्टातला सीलरचा विक्रेता असो की पत्ता विचारायला थांबलेला रिक्षावाला, त्याला आधी उताणं व्हावं लागे. त्या वर्षी तुम्ही अमरावतीत आमच्या रस्त्यानं गेला असाल आणि गॅरेजात तीन-चार माणसं डोळे मिटून ओळीनं पडलेली दिसली असतील, तर घाबरला असाल. घाबरण्यासारखं काही नव्हतं. सीलरची निवड चालू होती.

माझं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान त्यांच्या अगदी समोर. त्यामुळे हा ताप आधी माझ्या डोक्याला झाला आणि मग गावाच्या.

मिस्त्रींनी जन्मभर जीप आणि ट्रॅक्टर दुरुस्त केले ते मातीवर पाठ टेकून. साठीला आल्यावर त्यांना कोब्याची हौस आली. छपराची टिनं उंच करून घेतली आणि खाली कोबा टाकला, तोही भर मे महिन्यात. टँकर येणार कधी आणि त्यातलं पाणी प्यायचं की कोब्यावर मारायचं, अशी वेळ होती. कोबा तहानलेलाच राहिला. झाडू फिरवला की पिठासारखी भुकटी निघायची.

घर गॅरेजच्या मागच्याच दोन खोल्यांत, त्यांच्या पाठीला डाळ मिल. मिस्त्रींच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, धूळ टाळा. वहिनी भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. पिशवी भरली आणि अकोल्याला मुलीकडे गेल्या. धूळ बंद झाली की फोन करा, मी येते, एवढंच सांगून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री माझ्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसले. कोब्याची भुकटी धरून ठेवायला वरून सीलर लावतात, हे मी त्यांना नीट समजावलं. एक सीलर कोब्याच्या आत मुरतं, एक वर पातळ थर धरतं आणि तिसरं दोन रसायनं कालवून लावायचं, ते आरशासारखं चकाकतं. त्यांनी तिन्ही थोडं थोडं मागितलं. खडूनं चौकोन आखले, एकेक लावलं आणि शेजारी एक चौकोन ताडून पाहायला कोराच ठेवला. कोब्याला त्रास नको म्हणून गाड्या बाहेर कडुलिंबाखाली आणल्या. म्हणजे सहा महिने गॅरेज रस्त्यावर होतं आणि गॅरेजात फक्त फरशी राहत होती.

परीक्षा कडक होती. पाण्याचा थेंब, जळकं ऑइल, ब्रेक ऑइल आणि शेवटी तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पिचकारी. पिचकारीसाठी माणूस शोधावा लागला नाही, रांग लागली. त्यानंतर झोपणं. फरशी पायानं कळत नाही, गाडीखाली पाठ असते, असं मिस्त्रींचं म्हणणं. डोळे उघडे असले की मन भटकतं, पाठ बोलत नाही, हेही त्यांचंच. मीही झोपलो. चकचकीत चौकोनाला माझा घामेजलेला सदरा असा चिकटला की मला दोघांनी उठवलं. तिवशाचा एक ट्रॅक्टरवाला आत मुरणाऱ्या सीलरच्या चौकोनावर तासभर घोरला. मिस्त्रींनी ते त्या चौकोनाच्या बाजूचं मत धरलं.

पण सकाळी हात फिरवला की साऱ्याच चौकोनांवर धूळ. बारीक, जराशी पिवळी. मी दुकानदार, मला उत्तर आलंच पाहिजे. उन्हानं सीलर पिवळं पडतं आणि त्याचीच भुकटी होते, असं मी ठोकून दिलं. मिस्त्रींनी मान हलवली आणि चौथा डबा मागितला. मग पाचवा. कोब्याची गोधडी होत चालली.

रोज संध्याकाळी त्याच स्टुलावरून अकोल्याला फोन. पलीकडून एकच शब्द मला ऐकू यायचा, "धूळ?" मिस्त्री म्हणायचे, "हाय." फोन संपला.

एकदा मी वैतागलो. म्हटलं, कोणतंही एक लावा आणि वहिनींना बोलवा, थोडीशी धूळ कुणाच्या घरात नसते? मिस्त्रींनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"एकदा गेली ते धुळीपायी गेली," ते म्हणाले. "आता बोलावली अन् पुन्हा गेली, तं माह्यापायी गेली असं होईन."

मी त्यानंतर त्यांना घाई केली नाही. खरं सांगतो, मला त्या माणसाची फार दया आली, आणि मी मुकाट्यानं सहावा डबा काढून दिला.

गावाला मात्र कोब्यापेक्षा झोपण्याची गोडी लागली. अमुक गॅरेजात झोपलं की कंबर मोकळी होते, अशी आवई उठली. चांदूर रेल्वेहून दोन म्हाताऱ्या नारळ घेऊन आल्या. मिस्त्रींनी नारळ घेतला नाही, पण त्यांना झोपवलं आणि कोणता चौकोन बरा वाटला ते विचारून घेतलं. ही बातमी अकोल्याला मुलीच्या सासरी पोचली. तिथं कुणीतरी विचारलं, तुमच्या वडिलांनी आता बाबागिरी मांडली का?

दुसऱ्याच दिवशी दुपारी वहिनी ऑटोतून उतरल्या. आत तीन जण पडलेले होते. ते उठले आणि चपला न शोधताच पळाले. मिस्त्री फडकं हातात घेऊन उभे. बोलावण्याआधीच आली, आणि धूळ तर होतीच. मी रस्ता ओलांडून दाराशी गेलो. शेजारधर्म म्हणा, नाहीतर चोंबडेपणा.

वहिनींनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि त्या कोऱ्या चौकोनावर आडव्या झाल्या.

मिस्त्री सवयीनं म्हणाले, "डोळे मिट."

"काहून? डोळे मिटून का दिसन?"

मागच्या डाळ मिलची घरघर चालू होती. वहिनी बराच वेळ वर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "इकडं या. झोपा."

मिस्त्री शेजारी झोपले. भिंत आणि उंच केलेली टिनं यांच्यामध्ये हातभर फट होती. तिच्यातून उन्हाची तिरीप आत येत होती आणि तिरिपेतून तुरीचा पिवळा भुसा संथपणे कोब्यावर उतरत होता.

"अर्धं गाव इथं उताणं झोपवलं," वहिनी म्हणाल्या, "अन् वर कोनालेच पाहू नाई देल्लं."

मिस्त्री उठून बसले. अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "पिशवी आत ठेवू?"

"मंग का रस्त्यावर ठेवता?"

संध्याकाळपर्यंत टिनाची पट्टी मारून फट बंद झाली. सकाळी हात फिरवला, तर पहिल्या चौकोनापासून शेवटच्यापर्यंत सगळे साफ. धूळ होती ती फक्त कोऱ्या चौकोनावर, तीही राखाडी, त्याची स्वतःची. माझं सीलर पहिल्याच दिवशी पास झालं होतं. हे मी मिस्त्रींना ऐकवलं नाही. पाच डबे जास्तीचे खपले होते.

आता मिस्त्री दुकानात येत नाहीत. स्टुलावर मी रंगाच्या कॅटलॉगचा गठ्ठा ठेवतो, आणि संध्याकाळी फोनच्या वेळेला तो उचलून खाली ठेवतो. परवा दुपारी मुद्दामच गॅरेजात डोकावलो. कोऱ्या चौकोनालाही त्यांनी सीलर लावून टाकलं आहे. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत दोघं त्याच चौकोनावर उताणे पडले होते. मिस्त्रींचे डोळे मिटलेले होते. वहिनी जाग्या होत्या, आणि छताकडे पाहत होत्या.