शिकवणीच्या गाडीची रेस

मिस्त्रींच्या गॅरेजचा एक शिरस्ता होता. गाडी आली की ते आधी बोनेटवर हात ठेवायचे, मग रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं इंजिनभर फिरवायचे. तोवर गिऱ्हाइकाने चकार शब्द काढायचा नाही.

पण त्यांचा मेहुणा कुठला गप्प बसायला. त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलची जुनी गाडी महिन्यात तिसऱ्यांदा आली होती. पाय ॲक्सिलरेटरवर नसतानाही इंजिन घोंघावत होतं.

"दाजी, उभ्या गाडीची रेस एवढी, की सोडून दिली तर एकटीच घरी जाईल," तो म्हणाला. "या खेपेला जमलं नाही तर चौकातल्या मोठ्या गॅरेजला नेतो. राग मानू नका."

हे मिस्त्रींच्या जिव्हारी लागलं. पस्तीस वर्षांत घरच्या माणसाची गाडी दुसऱ्याच्या दारात गेली नव्हती.

पहिल्या खेपेला त्यांनी हवेच्या नळ्यांवर पाणी मारून पाहिलं होतं. फट असती तर पाणी आत ओढलं जाऊन आवाज बदलला असता. तसं काही झालं नाही. दुसऱ्या खेपेला ॲक्सिलरेटरची केबल नवी घातली. दोन्ही वेळा रेसचा स्क्रू जागेवर आणून गाडी दिली, आणि आठवड्यात पुन्हा तेच.

आता ते त्या स्क्रूकडेच बघत बसले. थरथरीने स्क्रू सैल होतो, आणि सैल झाला तर रेस उतरते. हा तर उलट आत गेलाय, म्हणून रेस चढलीय. आपल्या पायाने कसा जाईल?

"बोनेट कोण उघडतं रे?"

"कोण उघडणार? ताई शिकायला येते, ती आधी येऊन गाडी पुसते. तेवढंच."

ताई म्हणजे मिस्त्रींची बायको. दुपारी ती डबा घेऊन आली, तेव्हा मिस्त्रींनी नुसतं स्क्रूकडे बोट दाखवलं.

"मीच पिळते," ती म्हणाली. "क्लच सोडला की बंद पडते मेली, रेस वाढवली की नाही पडत. मागचे हॉर्न मारतात. परवा माझी परीक्षा आहे."

"अगं, मला सांगायचंस तरी," मेहुणा म्हणाला. "दाजींना मी नाही नाही ते बोललो."

"तुला सांगितलं असतं तर अख्ख्या स्कूलला कळलं असतं."

मिस्त्रींना रागवायचं होतं, पण कुतूहल आवरेना. "हाच स्क्रू, हे कसं कळलं?"

"तीस वर्षं डबा आणतेय. तुमचं काम संपेपर्यंत उभी राहून भिंती मोजते काय?"

"किती पिळलास?"

"पाऊण आटा. पूर्ण पिळला की गाडी फार ओढते."

मिस्त्रींचा अंदाजही पाऊणच होता. त्यांनी स्क्रू जागेवर आणला, तिला गाडीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. "क्लच हळूहळू सोड. आवाज खाली बसला की पाय तिथेच धर. कानाने ऐक."

दोनदा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा आवाज खाली बसला, तिने पाय धरला, आणि गाडी अलगद फाटकाकडे सरकली.

"मोठ्या गॅरेजचं बोललो ते विसरा, दाजी," मेहुणा मागून म्हणाला.

तिचं तिकडे लक्ष नव्हतं. "आणि तो स्क्रू बाहेर काढला," तिने विचारलं, "तर काय होतं?"