मॅटच्या टेबलाला मी आणलेली चमक

तुमच्यापैकी कोणी कधी चमक घालवायला बसलंय का हो? डाग नाही म्हणत मी. डाग सगळेच घालवतात. चमक! चांगली लखलखीत चमक आलीय आणि ती आता जावी म्हणून देवाला हात जोडतेय, अशी बाई पाहिलीत कधी? नसेल पाहिली तर चहा घ्या आणि माझ्याकडे नीट बघून घ्या.

काय झालं ते सांगायचं तर आधी माझी खोड सांगावी लागेल. मला वस्तू चकचकीत लागते. आमच्या पिंप्राळ्याच्या कॉलनीत कोणाकडे सत्यनारायण असला की पूजेची तांब्या-पितळेची भांडी आदल्या दिवशी माझ्याकडे येतात. माझ्या घरातले स्टीलचे डबे असे आहेत, की आरसा सापडला नाही तर आमचे हे पोह्याच्या डब्यात बघून भांग पाडतात. खोटं नाही सांगत!

या घासण्यापायी माझा उजवा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, "ताई, घासणं बंद." मी लगेच हो म्हटलं. घरी आले आणि मलमाच्या डबीचं झाकण कळकट वाटलं म्हणून आधी ते घासून काढलं.

आता आमची सून पल्लवी. मुलगा नोकरीपायी बाहेरगावी असतो, घरात आम्ही तिघंच. माहेर धुळ्याचं, नोकरी इथे जळगावात, रक्त तपासायच्या लॅबमध्ये. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. पोर गुणी, बोलणं मोजकं. तिने स्वतःच्या कमाईतून घरात पहिली मोठी वस्तू आणली, जेवणाचं टेबल. कॉफीच्या रंगाचं, मॅट फिनिशचं.

टेम्पोतून टेबल उतरलं आणि माझा चेहराच पडला. एवढं नवं टेबल आणि चमक नावाला नाही! मला वाटलं दुकानात धूळ खात पडलं असेल. मी फडकं घेतलं, तशी पल्लवीने माझा हात धरला.

"आई, याला घासायचं नाही हं. अजिबात नाही. हे असंच असतं."

वर्षभरात त्या पोरीने मला कशाला नाही म्हटलं नव्हतं. हे पहिलंच 'नाही'! मी समजले, टेबलात हिचा जीव आहे. त्याला चरा पडला तर आमच्या दोघींच्या मनालाच पडेल. दोन महिने मी त्या टेबलाजवळून हात पाठीशी बांधून जात होते, बागेत फिरायला आलेल्या साहेबासारखी.

आणि मग ती चार दिवस माहेरी गेली.

दुसऱ्याच दिवशी माझा धाकटा भाऊ प्रकाश असोद्याहून आला. शेतातून नुकताच कापलेला केळीचा घड खांद्यावर. दारातूनच ओरडला, "अक्का, कुठी ठेवू व हे? जड हाये, लवकर सांग!"

मी लादी पुसून घेतली होती. ओलीच होती. माझ्या तोंडातून निघून गेलं, "ठेव त्या टेबलावर."

बघा आता! मी केळीच्या घरची पोर. माझे वडील बागेत जायचा सदरा वेगळा ठेवायचे, कारण केळीचा चीक लागला की एक वेळ कापड फाटून जाईल, डाग जायचा नाही. हे मला चालायला लागायच्या आधीपासून ठाऊक! तरी मी घड टेबलावर ठेवून घेतला. एवढ्यावर थांबले का? विळा आणला आणि तिथेच फण्या सोडवून शेजारीपाजारी वाटल्या.

आणि चीक कसा लबाड असतो ते तर तुम्हाला माहीतच आहे. पडतो तेव्हा पाण्यासारखा. दिसतही नाही. दुसऱ्या दिवशी रंग दाखवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बाहेर आले आणि कप हातातच राहिला. टेबलाच्या मधोमध काळपट तपकिरी डाग! एक मोठा, भाकरीएवढा, आणि त्याला दोन ओघळ.

तेवढ्यात फोन वाजला. पल्लवी.

"आई, मी उद्या दुपारीच येतेय. सोबत आईपण येतेय. तिला टेबल बघायचंय."

"ये ये," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण कुठून आला माहीत नाही.

विहीणबाई! लेकीने स्वतःच्या पैशाने घेतलेलं टेबल बघायला! आणि सासूने त्याची ही दशा केलेली!

आधी ओलं फडकं फिरवलं. डाग ढिम्म. लिंबू-मीठ चोळलं. ढिम्म. शेजारच्या मंगलताईंना बोलावलं. त्यांनी टेबलाभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाल्या, "दात घासायची पेस्ट लावा. आमच्या भिंतीवरची खडूची रेघ गेली होती."

खडू कुठे, चीक कुठे! पण बुडत्याला काडीचा आधार! पेस्ट लावली. डाग जरासा फिकट वाटला. मग मात्र माझ्यातली पितळ घासणारी बाई जागी झाली. पदर खोचला, भांड्यांची पावडर घेतली, तारेची घासणी घेतली आणि तुटून पडले. खांदा ओरडत होता. त्याला म्हटलं, तू उद्या ओरड.

अर्ध्या तासात डाग गायब! ओघळसुद्धा गायब! मी अक्षरशः टाळी वाजवली. पुसून घेतलं, पंखा लावला, टेबल वाळलं.

आणि वाळल्यावर काय दिसावं? जिथे डाग होता तिथे परातीएवढा गोल लखलखतोय! बाकीचं टेबल शांत, मंद, आणि मधोमध हे पौर्णिमेचं चांदणं! डाग परवडला असता हो. डाग निदान जवळ गेल्यावर दिसत होता. हे तर फाटकातून दिसत होतं!

आमचे हे आले, वाकले, आणि खिशातून कंगवा काढला.

"अहो, भांग काय पाडताय!"

"दिसतंय तर पाडतो," ते म्हणाले. "पोह्याच्या डब्यापेक्षा बरं दिसतंय."

मी मिस्तरींना फोन लावला. आमच्या गल्लीतलं लाकूडकाम तेच करतात.

"मिस्तरी, टेबलावर चमक आलीय."

"वा! छान झालं की ताई."

"छान काय! ती घालवायचीय."

पलीकडून हळूच आवाज आला, "ताई, साहेब आहेत का घरी? त्यांच्याकडे देता का फोन?"

म्हणजे बघा, माणसाला माझ्या डोक्याची शंका आली! मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. चीक, पेस्ट, पावडर, घासणी. तारेची घासणी म्हटल्यावर ते असे कळवळले, जणू मी त्यांच्या पाठीवरच चालवली होती.

"अहो ताई, मॅटला घासायचंच नसतं! कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकायचे, मऊ फडकं भिजवून डागावर दहा मिनिटं नुसतं ठेवायचं आणि हलक्या हाताने टिपायचं. नाहीच गेला तर कापसाला जरासं स्पिरिट लावायचं, तेही आधी एखाद्या कोपऱ्यात लावून बघून. मॅट म्हणजे वरचा थर बारीक खरखरीत असतो. तुम्ही तो घासून गुळगुळीत केला. गुळगुळीत झाला की चमकणारच."

"मग आता परत खरखरीत कसा करायचा?"

"आता नाही होत ताई."

नाही होत! चाळीस वर्षं मी जगातल्या वस्तूंना चमक आणली, आणि माझ्या सुनेच्या टेबलाची चमक घालवायचा उपाय जगात नाही!

तरी मी हरले नाही. रांगोळी चोळून पाहिली. टाल्कम पावडर लावून पाहिली. टेबलाला बाळंतिणीच्या खोलीसारखा वास यायला लागला, पण चमक तशीच. मग वर परात ठेवली. बरोब्बर झाकलं गेलं! पण मग पाहुण्यांनी जेवायचं काय परातीभोवती बसून?

आणि तेव्हा मला ती कल्पना सुचली. आता तुम्ही हसाल, पण त्या घटकेला मला ती फार हुशारीची वाटली. डोळ्यात काय भरत होतं? एकाच ठिकाणची चमक. मग सगळीकडेच चमक असली तर?

यांनी हात जोडले. "अगं, आता तरी थांब. आहे ते बरं आहे."

मी कुठली थांबते! दुपारपासून दिवेलागणीपर्यंत घासत होते. चारही कोपरे, कडा, सगळं. शेवटी खोबरेल तेलाचा हात फिरवला. टेबल असं झळकलं, की वरच्या पंख्याची पाती खाली टेबलात फिरताना दिसत होती. मला वाटलं, जमलं!

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी आल्या. विहीणबाई आनंदल्या की थेट अहिराणीवर येतात. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "वो माय! हाई टेबल शे का आरसा शे? मना बठ्ठा चेहरा दिसी ऱ्हायना!" म्हणजे त्यांचा सगळा चेहरा त्यात दिसत होता.

पल्लवी मात्र जागच्या जागी थांबली. बॅग खांद्यावरच. टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत टेबलाकडे.

"आई, हे आपलंच टेबल आहे?"

माझा बांधच फुटला. घड, चीक, घासणी, रांगोळी, मिस्तरी, सगळं एका दमात सांगून टाकलं आणि म्हटलं, "तू एकच गोष्ट सांगितली होतीस मला, घासू नका म्हणून. तीही मी नाही पाळली. तुझं टेबल मी घालवलं गं."

ती टेबलाबद्दल एक अक्षर बोलली नाही. मी डाव्या हाताने पाण्याचा तांब्या पुढे करत होते, तिकडे तिचं लक्ष गेलं. जवळ आली आणि म्हणाली, "आई, उजवा हात वर करून दाखवा."

मी केला. म्हणजे करायला गेले. तो कमरेच्या वर येईना.

तेवढ्यात विहीणबाई गोंधळून लेकीला म्हणाल्या, "पण पल्लू, दुकानात तर तू चमकणारं टेबल नको म्हणून अडून बसली होतीस ना? फोनवर म्हणत होतीस, आमच्या आई दिवसभर घासत बसतात, खांदा गेलाय त्यांचा, घरात एक तरी वस्तू अशी हवी जिला चमकवावं लागणार नाही!"

मी मान खाली घातली. पंखा तेवढा फिरत होता. वर एक आणि टेबलात एक.

'याला घासायचं नाही हं.' दोन महिने मी समजत होते, पोर टेबलाला जपतेय.

पल्लवीने मला खुर्चीवर बसवलं, माझ्या खांद्याला मलम लावलं आणि पानं वाढायला घेतली. जेवताना विहीणबाईंनी भरीत दोनदा मागून घेतलं आणि टेबलाचं पुन्हा कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेड आला, तेव्हा त्या झळकत्या टेबलावर आम्हा चौघांच्या बोटांचे ठसे लख्ख दिसत होते. उजवा खांदा हलत नव्हता, म्हणून पल्लवी उठायच्या आत मी ते डाव्या हाताने पुसून काढले.