तंगुशीवर फिरलेली पवनचक्की

टीव्हीवर रविवारी सकाळी लहान मुलांसाठी एक कार्यक्रम लागायचा. कागद, पुठ्ठा, काड्यापेट्या, जुनी बटणं यांच्यापासून वस्तू कशा करायच्या ते त्यात दाखवायचे. तो पुष्कळ वर्षं चालला. पाहणारी मुलं आता पन्नाशीला टेकली आहेत. त्यांच्यातल्याच एका बाईंनी मध्यंतरी त्या कार्यक्रमाचा इतिहास लिहायला घेतला आणि शोधत शोधत त्या घाटकोपरला माझ्या घरी आल्या. टेबलावर मोबाइल ठेवून दुपारभर विचारत बसल्या. मला बरं वाटलं. बायको गेल्यापासून दुपारी माझ्याकडे कोणी येत नाही.

जाता जाता त्यांनी विचारलं, "काका, म्हणजे दाखवलेलं सगळं खरोखर तसंच व्हायचं ना?"

मी म्हणालो, "चहा घेऊन जा."

लेख आला त्यात शेवटाकडे एक वाक्य आहे, की या कार्यक्रमाने मुलांना कधीही खोटं दाखवलं नाही. मी तसं बोललो नव्हतो, पण मी नाहीही म्हणालो नव्हतो. एकदा खोटं दाखवलं होतं आणि ते माझ्या हातून झालं. बाहेर किती मुलं फसली ते मला माहीत नाही. एक मुलगा फसला तो माझाच, आणि त्याला हे इतकी वर्षं सांगितलं गेलं नाही.

आमचं चित्रीकरण साकीनाक्याला व्हायचं, एका गाळ्यात, वरच्या मजल्यावर. खालच्या गाळ्यात डब्यांची झाकणं कापणारा प्रेस होता. तो सुरू असला की आमच्या टेबलावरचे मणी उड्या मारायचे. म्हणून आवाजासकट जे काही घ्यायचं ते खालच्या कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत. आमचं जेवण मग प्रेसच्या धडधडाटात, खुणा करत.

माझं काम वस्तू तयार करायचं. पडद्यावर थोडक्या वेळात मोर होतो तेव्हा प्रत्यक्षात ते तीन-चार मोर असतात. एक नुसता कापलेला, एक चिकटवलेला, एक रंगवून वाळवलेला. गोंद त्याच्या वेळाने वाळतो, त्याला जेवणाच्या सुट्टीचं काही पडलेलं नसतं. ते सगळे मोर मी घरी करायचो आणि चित्रीकरणाच्या वेळी मांडीवर घेऊन टेबलाखाली बसायचो. टेबलाला पुढून निळं कापड असे. कार्यक्रम सादर करणाऱ्या बाईंना मुलं ताई म्हणत, म्हणून आम्हीही ताईच म्हणायचो. ताईंनी पायाचा अंगठा दोनदा आपटला की पुढचा मोर मागच्या बाजूने वर द्यायचा आणि आधीचा खाली घ्यायचा. यात मी काही खोटं मानत नाही. वस्तू तीच असायची, मधलं वाळणं तेवढं वगळलेलं.

त्यामुळे कार्यक्रमाच्या इतक्या वर्षांचं मला आठवतं ते म्हणजे ताईंचे पाय. सुरुवातीला साध्या रबरी चपला आणि फुटलेल्या टाचा. मग एकदा सुट्टीनंतर जोडवी दिसली. ताईंचं लग्न झालं हे मला असं कळलं. पुढे पाय सुजायला लागले तेव्हा मी खाली एक पाट आणून ठेवला. ताईंनी त्यावर पाय ठेवले. शेवटी शेवटी गुडघ्यांसाठी कॅनव्हासचे बूट आले आणि अंगठ्याचा आवाज ऐकू येईना. मग मी अंदाजानेच वस्तू वर द्यायचो. एवढ्या वर्षांत आमचं बोलणं फार झालं नाही. ताई गेल्याचंही मला त्या लेखातूनच समजलं.

पवनचक्कीची कल्पना माझी होती. चपलांचं खोकं, त्यात आरपार सायकलचा स्पोक, स्पोकला जुन्या पोस्टकार्डांची पाती. स्पोकला एक दोरा बांधायचा आणि त्याला काड्यापेटी लटकवायची. पंख्याच्या वाऱ्याने पाती फिरली की दोरा स्पोकवर गुंडाळला जाऊन काड्यापेटी वर चढली पाहिजे. घरी ती एकदा चढली होती. मी तेवढ्यावर विश्वास ठेवला.

गाळ्यात ती चढेना. पाती फिरायची, पेटी जराशी उचलली जायची आणि सगळं अडकायचं. निर्माते माझ्या डोक्यावर येऊन उभे राहिले.

"काय रे, काय झालं?"

"स्पोक भोकात घासतोय. उद्यापर्यंत करून देतो."

"उद्या? खाली प्रेस सुरू होईल आत्ता. तू खालीच बसतोस ना भाऊ? मग ओढ खालून."

ताई म्हणाल्या, "अहो, मुलं घरी करून बघतील."

"बघू दे की. पाती फिरतील ना? पोरांना तेवढं पुरतं."

माझ्याकडे तंगूस होती. गळाला लावतात तो पारदर्शक दोरा, कागदी फुलपाखरं टांगायला मी तो वापरत असे. स्पोकच्या मागच्या टोकावर ती गुंडाळली, टेबलाला एक भोक पाडलं, त्यातून खाली घेतली. अंगठा आपटला. मी सावकाश ओढत गेलो. वर ताई म्हणाल्या, "बघा, वाऱ्याने आपलं ओझं उचललं." त्यांचे पाय एकमेकांवर घट्ट दाबलेले होते.

आमच्या हाऊसिंग बोर्डाच्या इमारतीत रविवारी मजल्यावरची सगळी मुलं आमच्याकडे टीव्ही बघायला यायची. घरात त्यांच्या चपलांचा ढीग व्हायचा. माझा मुलगा तेव्हा चौथीत होता आणि त्या सकाळी त्याचा रुबाब बघण्यासारखा असे. मी टेबलाखाली बसतो हे त्यालाही माहीत नव्हतं. माझे बाबा कॅमेऱ्याच्या बाजूला उभे राहून सगळ्यांना सांगतात कसं करायचं, असं तो मुलांना सांगायचा. मी ते ऐकायचो आणि पेपर वाचत राहायचो.

पवनचक्कीचा भाग लागला आणि त्याने जाहीर केलं, "आमच्या घरी मी ही करणार. सगळ्यांसमोर." दुसऱ्या रविवारी त्याने ती पॅसेजमध्ये मांडली. टेबलफॅनची वायर दारातून बाहेर काढली होती. त्याने काम फार नीट केलं होतं. पाती अगदी सारखी कापलेली, माझ्यापेक्षा चांगली. पंखा लावला. पाती फिरली, काड्यापेटी थरथरली आणि तिथेच राहिली.

"तुझी तर बसूनच आहे रे," एक मुलगा म्हणाला.

"टीव्हीतली किती भारी गेली वर," दुसरा.

मुलगा खोकं घेऊन माझ्याकडे आला. "बाबा, काय चुकलं सांगा ना." मुलं त्याच्या मागे दारात उभी.

मी खोकं हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. स्पोक कुठे घासतोय ते मला बोटाला कळत होतं. तंगुशीचं सांगितलं असतं तर टेबलाखालचंही सांगावं लागलं असतं आणि ती मुलं हसली असती. त्याला नव्हे, मला. मी म्हणालो, "पाती फार दाबून बसवलीस. हात जड आहे तुझा."

मुलं हसली. तो हसला नाही, त्याने मान हलवली. पटल्यासारखी.

नंतर त्याने ती पुन्हा केली, हलक्या हाताने. पुन्हा. शाळेतून आला की पॅसेजमध्ये पंख्याचा आवाज यायचा. बायको एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही एकदा त्याच्यासमोर करून दाखवा ना."

"वेळ कुठाय?"

तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मला वाटतं तिला तेव्हाच समजलं. तिने तो विषय परत काढला नाही. एके दिवशी पॅसेजमधला पंख्याचा आवाज थांबला. दिवाळीला आम्ही कार्यक्रमात कंदील दाखवला, सोपा आणि खरा. मुलगा तो करायला बसला आणि अर्ध्यात उठला. "माझा हात जड आहे," म्हणाला. त्यानंतर रविवारी मुलं जमायची तेव्हा तो खाली खेळायला निघून जायचा.

तो शिकला, नोकरीला लागला, बोरिवलीला त्याने घर घेतलं. आमच्यात भांडण नाही. फोन येतो, औषधं संपली का विचारतो. पण त्याच्या घरात खिळा ठोकायलाही माणूस बोलवावा लागतो आणि त्यावरून घरात चेष्टा चालते. "ह्याला नका सांगू बाबा," सून म्हणते, "खिळ्याआधी भिंत जाईल." तोही हसतो. मी हसतो.

लेख आला त्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. सुनेने तो मोठ्याने वाचला. ते वाक्य आलं तेव्हा मुलगा भात कालवत म्हणाला, "बरोबर लिहिलंय. एक पवनचक्की होती, ती मला कधी जमली नाही. पण तो माझा हात." नात म्हणाली, "म्हणजे कसा हात?" त्याने तिला आपला पंजा दाखवला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. "असा. जड."



घरी आल्यावर मी चपलांचं खोकं शोधलं. स्पोक कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने दिला. माझी बोटं आता थरथरतात, कात्री दोन्ही हातांनी धरावी लागते. भोकांत मी रिकाम्या बॉलपेनच्या नळीचे तुकडे बसवले, म्हणजे स्पोक पुठ्ठ्याला लागणार नाही. पात्यांच्या मागे एक वॉशर, म्हणजे ती खोक्याला घासणार नाहीत. पाती थोडी रुंद. ओट्यावर पंखा ठेवून बटण दाबलं आणि काड्यापेटी वर गेली. थांबली नाही, अडखळली नाही, सरळ वर जाऊन स्पोकला टेकली. मी पंखा बंद करायचंही विसरलो. मला वाटलं होतं त्याहून फारच कमी काम होतं ते.

पुढच्या रविवारी खोकं घेऊन मी निघालो. मेट्रोच्या तपासणीत पोरसवदा गार्डने अडवलं. "क्या है इसमें, अंकल?"

"पवनचक्की."

त्याने झाकण उघडलं, पात्याला बोट लावलं, ते फिरलं. "बच्चे के लिए?"

मी हो म्हणालो. साकीनाक्यावरून मेट्रो जाते तेव्हा खाली नुसते पत्रे दिसतात. आमचा गाळा कोणता ते मला ओळखता आलं नाही. अंधेरीला गाडी बदलली आणि खोकं मांडीवर घेऊन बोरिवलीकडे जात राहिलो.

सून नातीला घेऊन पोहायच्या क्लासला गेली होती. मुलगा एकटाच होता. मी खोकं टेबलावर ठेवलं. त्याने ते लगेच ओळखलं. त्यांच्याकडे टेबलफॅन नाही, त्याने सुनेचा हेअर ड्रायर आणला. काड्यापेटी वर गेली.

मी सांगितलं. टेबल, निळं कापड, भोक, तंगूस. तो ऐकत होता. मग त्याने खोक्याच्या मागून हात फिरवला, खालून फिरवला.

"ह्यात नाही," मी म्हणालो.

"मग हे तेव्हा का नाही केलंत?"

"एक दिवस मागितला होता. निर्मात्यांनी दिला नाही."

"गाळ्यातलं नाही विचारत, बाबा. घरी. मी तिथे बसलो होतो ना रोज."

 देण्यासारखं उत्तर एकच होतं, की दारात मुलं उभी होती, आणि ती तर त्याच दिवशी निघून गेली होती.

तो ड्रायरची वायर गुंडाळत बसला. गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "आणि कंदील? त्यातही काही होतं?"

"नाही. कंदील खरा होता."

"मग तो का नाही आला मला?"

वायर गुंडाळून झाली होती, तरी तो बोटांनी तिला चापत राहिला. मग उठून म्हणाला, "चहा घेता ना?" आणि आत गेला. चहा आम्ही बाल्कनीत घेतला. त्याने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. निघताना खोकं घ्यायला मी टेबलाकडे वळलो तर म्हणाला, "राहू दे."

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही. नेहमीच्या वेळी मी मोबाइल समोर ठेवून बसत असे आणि वेळ टळली की उठून भांडी घासत असे. लेख लिहिणाऱ्या बाईंना मी कळवलं की त्यांच्या लेखातलं एक वाक्य चुकीचं आहे आणि खरं काय ते मी लिहून पाठवतो. ते हेच.

काल संध्याकाळी नातीने फोन केला. आवाज तक्रारीचा.

"आजोबा, तुमची पवनचक्की बाबाने सगळी सोडवलीय."

"का गं?"

"माहीत नाही. म्हणतो मी परत जोडणार. आता जोडली पण पेटी वर जातच नाहीये. आई म्हणाली राहू दे, तर ऐकत नाही."

"वॉशर लावलाय का मागे?"

"तो पडला ना. टेबलाखाली गेलाय. बाबा खाली बसून शोधतोय." तिने फोन तोंडापासून दूर नेला, काहीतरी विचारलं, मग परत आली. "देऊ त्याला फोन?"

मागून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"नको," मी म्हणालो. "शोधू दे."